अपिलात माणूस जात नाही, कागद जातो

निकाल विरुद्ध गेला की वऱ्हाडातल्या कोर्टाच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडते: "हायकोर्टात पाहून घेऊ." बोलणारा खचलेला असतो आणि त्या वाक्याने त्याला धीर येतो. त्याची समजूत अशी की खाली ज्यांनी ऐकले नाही ते वर ऐकतील, नागपूरला कुणी मोठा साहेब सगळी हकीकत पहिल्यापासून विचारेल आणि खऱ्याखोट्याचा निवाडा आपोआप होईल. ही समजूत साफ चुकीची आहे. तिच्यापायी माणसांनी शेते गमावली आहेत, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहायला हवे.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले सुलतानपूर घ्या. मेहकरहून लोणारला जाताना लागणारे हे गाव. इथल्या शेतकऱ्याचा दिवाणी दावा तालुक्याच्या न्यायालयात चालतो, पहिले अपील सहसा जिल्हा न्यायाधीशांपुढे जाते आणि दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे. नागपूर तिथून सुमारे तीनशे किलोमीटर. एका पेशीसाठी तेवढे अंतर तुडवून गेलेल्या माणसाला कळते की त्याचे तिथे काहीच काम नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत, शेत कुणी पाहायला येत नाही, पक्षकाराला कुणी प्रश्न विचारत नाही. वर जाते ते फक्त बाड: दाव्याचे अर्ज, जबान्या, निशाण्या पडलेले दस्तऐवज, खालचा निकाल, आणि या सगळ्याच्या डोक्यावर ठेवलेला अपिलाचा मेमो. त्या मेमोत जे नाही ते सांगायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा मेमो म्हणजे पक्षकाराचा वर पोहोचणारा एकमेव आवाज आहे, आणि तो ज्या नियमांनी लिहायचा ते नियम सर्वांत जास्त उपयोगाचे आहेत ते दूरच्या, गरीब, ओळखपाळख नसलेल्या माणसाला. वजनदार माणसाला मोठा वकील मिळतो, आणि तो वकील ढिसाळ मेमोतूनही तोंडी युक्तिवादाच्या जोरावर वाट काढतो. सुलतानपूरच्या अडीच एकरवाल्याला तसा वकील परवडत नाही. त्याचा भरवसा कागदावर. तो कागद चोख असला तर न्यायाधीशाला तो वाचावाच लागतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ चा पहिलाच नियम सांगतो की अपिलाची कारणे थोडक्यात, वेगवेगळ्या शीर्षांखाली, क्रमांक घालून आणि युक्तिवाद किंवा हकीकत न घालता लिहावीत. १९०८ पासून हा नियम पुस्तकात आहे. दुसरा नियम सांगतो की मेमोत न घेतलेला मुद्दा परवानगीवाचून मांडता येणार नाही. तिसरा सांगतो की मेमो असा लिहिलेला नसेल तर न्यायालय तो नाकारू शकते किंवा दुरुस्तीला परत देऊ शकते. हे तीन नियम मन लावून पाळले, तर अर्धे अपील तिथेच उभे राहते. आणि हेच तीन नियम आपल्याकडे रोज मोडले जातात.

कसे मोडले जातात ते एका कल्पित पण अगदी रोजच्या उदाहरणावरून दाखवतो. दोन शेजारी गट. एकाचा आरोप की दुसऱ्याने धुरा फोडून नऊ आर जमीन आपल्या वावरात घेतली. त्याने कब्जासाठी दावा लावला, भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचा नकाशा दाखल केला, भूकरमापकाची साक्ष झाली आणि दावा मंजूर झाला. आता दुसरा शेजारी अपील करतो. त्याच्या मेमोत काय असते? पहिले कारण: खालच्या न्यायालयाचा निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही. दुसरे: खालच्या न्यायालयाने पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही. तिसरे: प्रतिवादीच्या कथनाकडे दुर्लक्ष केले. अशी पंधरा-वीस कारणे झाली की शेवटचे येते: सुनावणीच्या वेळी मांडण्यात येतील अशा इतर कारणांवर. ही कारणे खुनाच्या खटल्याला चालतील, घटस्फोटाला चालतील, दुकानाच्या भाड्याला चालतील. त्यात धुरा नाही, नऊ आर नाहीत, भूकरमापक नाही. नावे बदलून तोच मजकूर वर्षानुवर्षे छापला जातो, आणि पक्षकार त्याच्या शेवटच्या पानावर अंगठा किंवा सही करून विश्वासाने घरी जातो.

आता तेच अपील दुसऱ्या रीतीने लिहू. कारण १: भूकरमापकाने उलटतपासात, निशाणी ४१, कबूल केले की त्याने फक्त वादीचा गट मोजला, प्रतिवादीचा गट मोजलाच नाही, तरी निकालाच्या परिच्छेद १७ मध्ये त्याच नकाशावरून अतिक्रमण सिद्ध धरले आहे. कारण २: मोजणीची नोटीस प्रतिवादीला बजावल्याचा कागद अभिलेखात नाही, आणि निकालात या मुद्द्यावर एक अक्षर नाही. कारण ३: प्रतिवादीने न्यायालय आयुक्त नेमून दोन्ही गटांची संयुक्त मोजणी करण्याचा अर्ज आदेश २६ नियम ९ खाली दिला होता, तो कारण न देता फेटाळला. एवढ्या तीन कारणांत न्यायाधीशाला कळते की कोणते पान उघडायचे, काय तपासायचे, चूक कुठे आहे आणि ती दुरुस्त कशी होईल. हद्दीच्या वादात निव्वळ तोंडी पुरावा पुरत नाही, रीतसर मोजणी लागते, हे नागपूर खंडपीठाच्या निकालांत वारंवार आलेले आहे. म्हणजे कायदा या माणसाच्या बाजूने उभा राहायला तयार असतो. त्याला फक्त कुणी कागदावर हाक मारायला हवी.

ज्यांना भूमि अभिलेख कचेरीचा अनुभव आहे त्यांना अपील समजावण्यासाठी मी निमताना मोजणीचे उदाहरण देतो. पहिल्या मोजणीवर हरकत घेतली की वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो. दोन भावकीत वैर कसे वाढले हे तो विचारत नाही. मूळ अभिलेख काढतो, जुन्या खुणा शोधतो आणि पहिल्या भूकरमापकाची साखळी कुठे चुकली ते पाहतो. अपील न्यायालयाचे काम याच जातीचे आहे. आपले दुःख किती मोठे आहे हे सांगण्यात मेमोची पाने घालवली, तर चूक दाखवायला जागा उरत नाही.

यावर वकील मंडळींचे एक उत्तर ठरलेले आहे. कारणे मोघम ठेवली की पुढे कोणताही मुद्दा मांडायला वाट मोकळी राहते, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. आदेश ४१ च्या नियम ३१ प्रमाणे अपील न्यायालयाने निर्णयासाठी मुद्दे काढायचे असतात, प्रत्येकावर निर्णय द्यायचा असतो आणि कारणे लिहायची असतात. पहिल्या अपिलात सर्व मुद्द्यांचा आणि पुराव्याचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मधुकर विरुद्ध संग्राम या प्रकरणात बजावले. पण न्यायाधीश मुद्दे काढतो ते मेमो समोर ठेवून. मेमो मोघम असला की मुद्दाही मोघम निघतो: खालच्या निकालात हस्तक्षेप करण्याजोगे कारण आहे काय? आणि त्याचे उत्तर एका शब्दात येते: नाही. मोकळी ठेवलेली वाट अशी बंद होते.

मग लोक म्हणतात, पहिले अपील गेले तर गेले, दुसरे आहेच. इथेच "हायकोर्टात पाहून घेऊ" हे वाक्य सगळ्यांत महागात पडते. दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय घटनांचा फेरविचार करत नाही. वस्तुस्थितीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा असला तरी तेवढ्यासाठी दुसरे अपील चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९० मध्येच सांगून ठेवले होते. १९७६ च्या दुरुस्तीने दुसऱ्या अपिलाचे कलम, संहितेचे कलम १००, आणखी कडक झाले. आता मेमोत कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडावा लागतो, न्यायालयाला तो प्रश्न आधी ठरवावा लागतो, आणि सुनावणी त्याच प्रश्नावर होते. असा प्रश्न निघत नसेल तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपते, समोरच्याला नोटीससुद्धा जात नाही. म्हणजे नऊ आर कुणाचे, धुरा कुठे होता, भूकरमापक खरे बोलला का, हे सगळे प्रश्न विचारण्याचे शेवटचे ठिकाण जिल्हा न्यायालय आहे. लोक मात्र आपली सगळी ताकद, सगळा पैसा आणि सगळी आशा नागपूरसाठी राखून ठेवतात आणि जिल्ह्यातले अपील पायरी म्हणून उरकतात. शेतकऱ्याने आपला चांगला वकील, आपला वेळ आणि आपले लक्ष पहिल्या अपिलावर खर्च करावे, हे मी जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगतो.

नेमका मुद्दा म्हणजे काय, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर सुरू झालेला दावा मात्र फारसा कुणी वाचत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला. त्यांचे म्हणणे असे की अस्पृश्यांनी तळ्यावर न येण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, म्हणून ती कायद्याने पाळली पाहिजे. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याला पहिले अपील फेटाळले गेले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलात आले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे तेही फेटाळले गेले.

त्या निकालात न्यायालय अस्पृश्यतेच्या पापपुण्यावर प्रवचन देत नाही. ते एकच प्रश्न धरून बसते: ही प्रथा खरोखर अनादी आहे, हे वादींनी पुराव्याने सिद्ध केले आहे काय? तळे नगरपालिकेचे. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे जात नव्हते एवढे दाखवून भागणार नव्हते. प्राचीनत्व दाखवणे भाग होते, आणि ते दाखवता आले नाही. तिथेच अपील संपले. प्रथा अवाजवी आहे की सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, हा पुढचा प्रश्न सोडवण्याची गरजच पडली नाही.

एवढा मोठा मानवी प्रश्न प्रथेच्या वयाच्या पुराव्यावर सुटावा, याचे वाईट मलाही वाटते. माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे एवढे वाक्य पुरे व्हायला हवे होते. पण १९३७ च्या न्यायालयापुढे ते वाक्य कायद्याचा मुद्दा नव्हते. समतेचे मूलभूत हक्क देणारी राज्यघटना यायला अजून तेरा वर्षे होती. हाती असलेल्या कायद्यात समोरच्याची सर्वांत दुबळी कडी कोणती, हे ओळखून तीच धरून ठेवणे, हा त्या लढ्याचा कायदेशीर कणा होता. प्रतिवादींचा नेता स्वतः बॅरिस्टर होता आणि वादात सर्वांत जास्त संतापाचे कारणही त्याच्याकडेच होते. तरी वाद जिंकला गेला तो पुराव्याच्या ओझ्यावर. आपल्या धुऱ्याच्या, वाटणीच्या, पांदणीच्या अपिलांत संताप ओतणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा वाचावा.

दुसरी गोष्ट बाडाची. अपिलात चालते ते खाली नोंदले गेलेले. ताई महाराज प्रकरण मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या चरित्रातून माहीत असते. दत्तकाचा वाद, औरंगाबादला १९०१ मध्ये झालेले दत्तविधान, मग टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला, आणि दिवाणी वाद थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांच्या बाजूविरुद्ध दिलेला निकाल १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फिरवला. त्या निकालातले एक तत्त्व आजही न्यायालयांत सांगितले जाते: साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल तर ज्या गोष्टीवरून ठरवायचे ती उलटतपासात त्याच्यापुढे ठेवली पाहिजे, त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे; तो पिंजऱ्यातून उतरून गेल्यावर मागाहून त्याला खोटा म्हणता येत नाही. लोणारच्या न्यायालयात भूकरमापकाला "तुम्ही दुसरा गट मोजला का?" हा प्रश्न कुणी विचारलाच नसेल, तर माझ्या वरच्या उदाहरणातले कारण १ लिहिताच येत नाही. अपील तालुक्यातल्या उलटतपासात लिहिले जाते. आदेश ४१ चा नियम २७ नवा पुरावा द्यायला दार ठेवतो खरा, पण ते दार अरुंद आहे आणि तसेच असले पाहिजे. नाहीतर प्रत्येक हरलेला माणूस खालचा खटला तालीम समजेल.

आता मुदतीचे आणि इतर नियम. इथे माझ्या म्हणण्यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो. तांत्रिक बाबींवर गरिबाचे अपील फेटाळणे हा अन्याय आहे, नियम न्यायासाठी असतात, न्याय नियमांसाठी नसतो, असे सांगितले जाते. आणि आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा कातिजी प्रकरणातला निकाल दाखवला जातो. उशीर माफ करताना उदार असावे, प्रत्येक दिवसाचा हिशेब पंडिती काटेकोरपणाने मागू नये, असे त्यात म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या निकालातला अपीलकर्ता कोण होता ते पाहा. अनंतनागचा भूसंपादन अधिकारी. जमीनमालकांना वाढीव मोबदला मिळाला होता, सरकारला तो मान्य नव्हता, आणि सरकारचे अपील चार दिवस उशिरा आले होते. उदारतेचा हा प्रसिद्ध दाखला मिळाला तो सरकारला, ज्याची जमीन गेली त्याच्याविरुद्ध. पुढे सरकारी खात्यांचा उशीर इतका वाढत गेला की २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

नियम सैल झाले की फायदा आधी बलवानाचा होतो, हे यातून दिसते. बुलढाणा जिल्ह्यात धरणांसाठी, रस्त्यांसाठी, समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या आहेत. मोबदल्याच्या वादात शेतकऱ्याच्या समोर उभे असते ते सरकार. मुदत दोघांनाही सारखीच लागू असेल, तर शेतकऱ्याला निश्चिंती मिळते. माफी न्यायाधीशाच्या मर्जीवर असेल, तर ती मर्जी कुणाकडे वळेल याची खात्री त्याला कोण देणार? म्हणून मी उदारतेच्या विरोधात नाही, पण उदारतेवर विसंबण्याच्या पूर्ण विरोधात आहे.

मुदत अवघड नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज दिला असेल तरच. "वकील साहेब देतील अर्ज" म्हणून पक्षकार घरी जातो, पेरणी येते, लग्नसराई येते आणि महिना निघून जातो. महसुली बाबतीत मुदत वेगळी: जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर साठ दिवस, त्यावरच्या आदेशावर नव्वद. फेरफाराच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायचे की थेट अमरावतीला आयुक्तांकडे, याचाही क्रम कायद्यात ठरलेला आहे. शेतरस्त्याच्या प्रकरणात तर वाटाच वेगळ्या. मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराने दिलेल्या आदेशावर अपील नाहीच, फक्त पुनरीक्षण. महसूल संहितेच्या कलम १४३ खालच्या आदेशाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, आणि तो लावला की अपील-पुनरीक्षणाची वाट बंद होते. चुकीच्या दारात दोन वर्षे बसून मग योग्य दार शोधायला निघालेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत.

अपील दाखल केले म्हणजे निकाल थांबला, ही दुसरी पक्की समजूत. आदेश ४१ चा नियम ५ उलट सांगतो: नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मागायला पुरेसे कारण दाखवावे लागते. अपील सुरू आहे या भरवशावर बसलेल्या माणसाच्या वावरात दरखास्तीचा बेलिफ येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला हा नियम पहिल्यांदा कळतो.

पण गावाकडच्या अपिलांचा खरा घात होतो तो मृत्यूने. अपील वर्षानुवर्षे पडून असते. दरम्यान दोघा शेजाऱ्यांपैकी एक जण वारतो. साऱ्या गावाला माहीत असते, तेराव्याला सगळे जेवून येतात, पण नागपूरच्या वकिलाला कुणी कळवत नाही. वारसांना नव्वद दिवसांत अभिलेखावर घ्यावे लागते. नाही घेतले तर त्या माणसापुरते अपील आपोआप संपते. ते जिवंत करायला पुढचे साठ दिवस, आणि तेही गेले तर उशीर माफीचा वेगळा अर्ज. वकिलाला पक्षकार वारल्याचे कळले तर त्याने न्यायालयाला कळवावे, असेही संहितेत आहे. पण त्याला कळणार कसे? सुनावणी लागते, पुकारा होतो, आणि तेव्हा उघड होते की प्रतिवादी जाऊन चार वर्षे झाली. कायद्याच्या दृष्टीने त्या चार वर्षांत अपीलच नव्हते. बाजू कितीही खरी असो, एका फोनअभावी ती बुडते. याला मी तांत्रिक बाब म्हणायला तयार नाही. मृताच्या मुलाबाळांना न ऐकता त्यांच्या जमिनीचा निकाल होऊ नये, म्हणून तो नियम आहे. तो त्यांचे रक्षण करतो, आणि वेळेत पाळला तर अपीलकर्त्याचेही करतो.

कागदाचा हक्क किती मोठा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे. १९७८ चे माधव हयवदनराव हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कैद्याने उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध चार वर्षांहून अधिक उशिराने दाद मागितली होती. त्याचे म्हणणे, निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात ठरले की तुरुंगातल्या माणसाला अपिलासाठी निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, गरज असेल तर वकीलही मोफत मिळाला पाहिजे, आणि हे जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कातच येते. निकालाच्या प्रतीवाचून अपिलाचा हक्क पोकळ आहे, हे यातून पक्के झाले. दिवाणी वादातला शेतकरी तुरुंगात नसतो, तरी त्याच्या हातातही निकालाची प्रत क्वचितच असते. ती वकिलाच्या कपाटात असते.

आणि असली तरी नागपूरनंतर ती इंग्रजीत असते. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ च्या अधिसूचनेने ते पक्के झाले. सुलतानपूरचा माणूस लोणारला मराठीत साक्ष देतो आणि निकाल मराठीत असला तर तो वाचू शकतो. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. सर्वोच्च न्यायालयात तर प्रत्येक मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. म्हणजे वाद जितका वर जातो तितका तो ज्याचा आहे त्याच्यापासून दूर जातो. आपल्या नावाने काय लिहिले गेले हे त्याला कळत नाही, आणि म्हणून मोघम मेमो पकडला जात नाही. "भूकरमापकाने दुसरा गट मोजलाच नाही, हे यात कुठे आहे?" हा प्रश्न फक्त तो शेतकरीच विचारू शकतो, कारण त्या दिवशी तो शेतात उभा होता. मेमोचा मराठी मसुदा त्याला वाचून दाखवल्याशिवाय अपील दाखल होऊ नये, असा दंडक वकील संघांनी स्वतःहून घालावा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, पैसाही लागत नाही. अर्धा तास लागतो.

आटोपशीरपणाचेही तसेच. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांत मुख्य लेखी युक्तिवादाला १३,००० शब्दांची मर्यादा आहे, आणि ती पाळल्याचे प्रमाणपत्र वकिलाला जोडावे लागते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अजित मोहन प्रकरणाच्या निकालाला पुरवणी जोडून लांबलचक लेखी आणि तोंडी युक्तिवादांबद्दल चिंता व्यक्त केली. त्या एका प्रकरणाचा तोंडी युक्तिवाद सव्वीस तास चालला होता. सव्वीस तास दिल्लीत एका प्रकरणाला जातात तेव्हा ते कुणाच्या तरी रांगेतून जातात. नेमका, छोटा मेमो लिहिणारा वकील आपल्या पक्षकाराइतकेच मागे रांगेत असलेल्या अनोळखी माणसाचेही भले करतो. शब्दमर्यादा आपल्याकडेही यावी, निदान पहिल्या आणि दुसऱ्या अपिलांच्या लेखी युक्तिवादाला यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुलतानपूरच्या, आणि तसल्याच प्रत्येक गावच्या वाचकाला माझे सांगणे असे आहे. निकाल लागेल त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, पावती स्वतःजवळ ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती दयाबुद्धीची सोय नाही, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. स्थगितीचा अर्ज अपिलासोबत गेला का, ते विचारा. घरात किंवा समोरच्या घरात कुणी वारले तर त्याच आठवड्यात वकिलाला तारखेसह कळवा. आणि मेमोवर सही मागितली की आधी त्यातली कारणे मराठीत वाचून घ्या. त्यात तुमच्या शेताचा गट क्रमांक, साक्षीदाराची निशाणी आणि निकालाचा परिच्छेद दिसला नाही, तर सही करू नका. मेमो पुन्हा लिहायला सांगा.